पाटीवर न मावलेला गूळ

अंकितानं स्वतःच्या नावावर केलेलं पहिलं मोठं काम तिच्या डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं फोडलं गेलं. ते फुटत होतं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की उन्हात हा लाल रंग काय उठून दिसतोय. पुढे तिनं हे कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. पण गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत आली कशी ते आधी सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या माथी मारून लोक मोकळे होतात, आणि तसे ते झालेच.

श्यामजी पंतांच्या तळेगावात, नागपूर-अमरावती रस्त्याला लागून रुख्माबाईची खाणावळ होती. तिला ना नाव होतं ना पाटी. वर टिनाचं छप्पर, खाली सारवलेली भुई, मध्ये मोठी चूल, आणि चुलीपुढे रुख्माबाई. संत्र्याचे ट्रकवाले, आष्टीच्या बाजाराला जाणारे व्यापारी, बदलीवर आलेले मास्तर, सगळे इथे थांबायचे. ज्वारीची भाकर आणि बेसनाच्या पाटोडीचा रस्सा हे थांबण्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे शिव्या. रुख्माबाईच्या जिभेला हाड नव्हतं. अर्धी भाकर टाकून कुणी उठला की ती झारा उगारून म्हणायची, "मुडदा बशिवला तुहा, उठते कसा?" आणि तो मिशीवाला सहा फुटी ड्रायव्हर मुकाट्यानं खाली बसायचा.

ही शिवी वऱ्हाडात घरोघरी आहे. तुझं मढं बसवलं, असा तिचा अर्थ. शब्दाशब्दाचा अर्थ लावत बसलं तर अंगावर काटा यावा. पण अर्थ लावत कोण बसतो? आया लेकरांना न्हाऊ घालताना देतात, बहिणी भावांना देतात, आणि ज्याला ती मिळत नाही त्याला आपण परके आहोत असं वाटतं. रुख्माबाई मात्र एक गोष्ट न चुकता करायची. शिवी दिली की लगेच डब्यात हात घालून गुळाचा खडा त्या माणसाच्या ताटाच्या कडेला ठेवायची. तो खाल्ल्याशिवाय त्याला उठू द्यायची नाही. ही तिच्या आईची रीत होती. शिवी सोबत घेऊन कुणी उंबऱ्याबाहेर पडू नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. लोक खडा तोंडात टाकायचे आणि शिवीचीच आठवण घेऊन जायचे.

तिचा एकुलता एक मुलगा आदेश. नागपुरात हॉटेलचं काहीबाही शिकून परत आला होता आणि आल्यापासून त्याच्या तोंडी एकच शब्द होता, बोल्ड. जेवण बोल्ड पाहिजे, रंग बोल्ड पाहिजे, नाव बोल्ड पाहिजे. त्याचा हात त्याच्या जिभेच्या आधी चालायचा. ताट घसरून पडलं म्हणून त्यानं एका वाढप्याला गिऱ्हाइकांसमोर कानशिलात भडकावली होती, आणि वर हसत म्हणाला होता की असा धाक पाहिजे धंद्यात. याच आदेशनं वर्ध्याहून अंकिताला बोलावलं.

अंकिता वर्ध्याचीच. पुण्यात चित्रकला शिकली, तिथंच एका जाहिरात कंपनीत बिस्किटांची वेष्टनं रंगवत राहिली. आई गेली तेव्हा घरी आली ती परत गेली नाही. मग लग्नाच्या पत्रिका आणि शिकवणीवर्गांचे फ्लेक्स. आपल्या हातात यापेक्षा जास्त काही आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही याचा तिला राग होता. रागीट माणसाला रागीट माणूस बरोबर सापडतो.

पहिल्या दिवशी ती एसटीनं आली, भर दुपारी. जेवायला बसली. एक भाकर खाऊन हात धुवायला उठणार तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"मुडदा बशिवला तुहा माय, चिमनी खाते का एवढं?"

पानात दुसरी भाकर पडली, कडेला गुळाचा खडा पडला. अंकिताची आई अगदी याच चालीवर हे बोलायची. आई गेल्यापासून तिला कुणी मायेनं रागावलंच नव्हतं. तिनं मान खाली घालून भाकर खाल्ली, गूळही खाल्ला, आणि डोळे पुसायच्या आधीच तिच्या डोक्यात लखकन नाव उमटलं. रडू आणि धंदा दोन्ही एकाच वेळी आलं. त्यातलं रडू थोड्या वेळात ओसरलं.

हॉटेलाचं नाव ठरलं 'मुडद्या, जेव'. लाल रंग, साधा नाही, आपल्या भिवापुरी मिरचीचा. त्यावर काळी जाड अक्षरं, कुऱ्हाडीनं तासून काढल्यासारखी. मध्ये रुख्माबाईचा चेहरा, डोळे वटारलेले, हातात उगारलेला झारा. खाली ओळ, 'मुडदा बशिवला तुहा, अजून एक घे'. मेनूत डोकंफोड मटण, जीवघेणी पाटोडी आणि आडवा-पाड ठेचा. वाढप्यांच्या सदऱ्यावर पाठीमागे लिहिलेलं, 'मार खाऊन जा'. आणि दारात माणसाच्या छातीपर्यंत येईल असा लोखंडी झारा उभा करायचा, आष्टीच्या लोहाराकडून घडवून. आदेशनं हे सगळं लॅपटॉपवर पाहिलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की पेला खाली पडला. पसंत पडल्याची त्याची ती खूण होती.

रुख्माबाईला दाखवलं. ती अक्षर अक्षर लावून वाचायची. तिनं सगळं वाचून काढलं. मग म्हणाली, "हे तोंडातलं हाये बाई. भितीवरचं नोहे. तोंडातलं वाऱ्यासंगं चाललं जाते, भितीवरचं तिथीच राह्यते."

आदेश तिच्यावर खेकसला की तुला यातलं काय कळतं, तू चूल पाहा. ती चुलीकडे गेली. पण अंकिता निघताना हात धुवायला मोरीपाशी आली, तेव्हा रुख्माबाईनं तिचं ओलं मनगट धरलं.

"लिहाचंच असन तं गूळबी लिहिजो. शिवीच्या बाजूले. सोडू नोको, सांगून ठेवतो तुले."

"नाही सोडणार मावशी," अंकिता म्हणाली. "शब्द देते."

तिनं तो शब्द मनापासून दिला होता. पाळायचा प्रयत्नही केला. गुळाचा खडा काढून पाहिला, तो विटेसारखा दिसला. गोल केला तर बटाटा झाला. पिवळा केला तर देवाच्या मागच्या प्रभेसारखा चमकू लागला. शेवटी नावाच्या खाली कोपऱ्यात तिनं एक लहानसा खडा बसवला आणि आदेशला दाखवला. त्यानं विचारलं की हे ढेकूळ कशाचं? गूळ आहे म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, "मॅडम, शिवी देल्ली तं देल्ली. मंग गोड बोलाचं नाई. सगळी मजा जाते." अंकिताला त्याचा संताप आला, पण तो संताप तो बरोबर बोलत होता म्हणून आलेला होता. पाटीवर एकच गोष्ट ओरडली पाहिजे, हे तीच पुण्यात नवशिक्यांना शिकवायची. तिनं एक बटण दाबलं आणि गूळ गेला. पाटी खरोखरच जास्त चांगली दिसू लागली.

मग जुनी खाणावळ पाडायची वेळ आली. त्या दिवशी अंकिता टेप घेऊन भिंतींची मापं घ्यायला आली होती. टिनं उतरवून झाली, कुडं पाडून झाली, राहिली चूल. आदेश घण घेऊन पुढे झाला तेव्हा त्याचा बाप किसनराव चुलीपुढे मांडी घालून बसलेला. किसनराव म्हणजे वर्षाला चार शब्द बोलणारा माणूस. तो नुसता बसून राहिला. आदेशनं एकदा ऊठ म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि मग बापाच्या दंडाला धरून त्याला असं फेकलं की म्हाताऱ्याचं कपाळ खांबावर आदळलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. पोरगा घणाचे घाव घालत राहिला. चूल एका घावात फुटली नाही. चिरली, मग बसली, मग आतली इतक्या वर्षांची राख एकदम वर उडाली आणि सगळ्यांची तोंडं पांढरी करून गेली.

रुख्माबाई हे पाहत उभी होती. तिनं मुलाला एक शिवी दिली नाही. भाकरी थापायला येणारी कमला धावत जाऊन किसनरावाच्या कपाळावर हळद दाबू लागली. आणि अंकितानं काय केलं? तिनं उडणाऱ्या राखेचा फोटो काढला. फार सुंदर आला होता. तोच पुढे मेनूच्या मुखपृष्ठावर गेला.

त्या दिवसांत अंकिताच्या नजरेस आणखी एक गोष्ट पडायची. रस्त्याच्या पलीकडे बियाणं, खतं आणि शेतीच्या अवजारांचं एक दुकान होतं. त्याचे मालक प्रभाकरराव दिवसभर दुकानाच्या पायरीवर खाणावळीकडे तोंड करून बसायचे, पण कधी जेवायला येत नसत. रोज दुपारी कमला पळसाच्या पानात काहीतरी घेऊन रस्ता ओलांडायची आणि ते प्रभाकररावांच्या बायकोच्या, शोभाबाईच्या हातात ठेवून यायची. अंकितानं एकदा कमलाला विचारलं की हे काय असतं? कमला म्हणाली, "गूळ. असाच." अंकितानं पुढे विचारलं नाही. ती रंग निवडण्यात गुंतलेली होती.

उद्घाटनाला नागपूरहून माणसं आली. खाण्याचे व्हिडिओ करणारी पोरं, त्यांचे मोबाईल, त्यांच्या सेल्फी-काठ्या. बँड वाजला, नारळ फुटला, आदेशनं कापड ओढलं. जमिनीपासून छपरापर्यंत उभी अशी ती लालभडक पाटी उघडी पडली आणि हमरस्त्यावरच्या गाड्यांनी आपोआप वेग कमी केला. अंकिताला वाटलं, आता आपल्याला कुणी पत्रिका छापायला सांगणार नाही.

रुख्माबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं पाटी वरून खालपर्यंत वाचली. कोपरे पाहिले, खालची कड पाहिली, काहीतरी शोधल्यासारखी परत वर गेली. मग तिनं अंकिताकडे पाहिलं. अंकितानं त्याच वेळी कुणाला तरी माहिती द्यायला मान वळवली. रुख्माबाई आत गेली.

गर्दी एवढी झाली की आदेशनं दम दिला, आज कुणी जागा सोडायची नाही, ज्यानं सोडली त्याचं तंगडं तोडीन. कमला पळसाचं पान हातात घेऊन उठली होती ती परत बसली. दुपार झाली, कलली. पलीकडे शोभाबाई दोनदा दारात येऊन गेली. प्रभाकरराव पायरीवर बसून समोर पाहत होते. त्यांच्यासमोर आता टिनाचं छप्पर नव्हतं, ती पाटी होती.

मग ते उठले, दुकानात गेले आणि रस्ता ओलांडून आले. हातात विकायची नवी कुऱ्हाड होती, दांड्यावर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. पाटीसमोर उभे राहून त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचलं, पोरं शाळेत वाचतात तसं. नाव वाचलं. खालची ओळ वाचली.

"शिवी हाये," ते म्हणाले. "गूळ कुठी हाये?"

लोक हसले. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, डोकंफोड मटणवाल्यांनी म्हातारा कुऱ्हाडीसकट आणला आहे. मोबाईल वर झाले. प्रभाकररावांनी पहिला घाव 'मु'वर घातला. पत्रा कडाडला, आतले दिवे फुटले, आणि काही जणांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा घाव रुख्माबाईच्या रंगवलेल्या कपाळावर बसला. प्रत्येक घावाला ते तेच विचारत होते, आवाज न चढवता, जणू दुकानात आलेल्या माणसाला उधारीचं विचारावं तसे. गूळ कुठी हाये. गूळ कुठी हाये. अंकिता जवळच उभी होती आणि तिला तेव्हा तो लाल रंगाचा विचार आला.

आदेश आतून आला तो धावतच. त्यानं म्हाताऱ्याची गचांडी धरली, दोन मुस्काटात दिल्या, टोपी उडाली. कुऱ्हाड हिसकायला हात घातला. प्रभाकररावांनी सोडली नाही, ओढली, आणि उलट फिरवली. आदेशच्या उजव्या हाताची दोन बोटं पाटीच्या कडेवर सपकन तुटली. रक्त उडालं ते लालावर उडालं, म्हणून काही क्षण कुणाला कळलंच नाही. आदेशचा ओरडा ऐकून कळलं. टाळ्या थांबल्या, पण मोबाईल काही खाली आले नाहीत.

आदेशनं डाव्या हातानं दारातला तो लोखंडी झारा उचलला. एरवी तो उचलायला दोन्ही हात लागायचे. पहिला वार प्रभाकररावांच्या खांद्यावर बसला आणि कुऱ्हाड गळाली. इथे थांबता आलं असतं. दुसरा डोक्यावर बसला, ओला नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि म्हातारा गुडघ्यावर आला. तिसरा तो आडवा झाल्यावर. कुणी मध्ये पडलं नाही. अंकिताही पडली नाही. तिच्याच हातानं रेखलेला झारा वर जात होता, खाली येत होता.

रुख्माबाई आली ती सरळ प्रभाकररावांच्या अंगावर पडली. चौथा वार तिच्या पाठीत बसला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा कुठे आदेशच्या हातातून झारा सुटला. रुख्माबाईची एक मूठ बंद होती. ती उघडून तिनं आतला गुळाचा खडा प्रभाकररावांच्या तळहातावर ठेवला.

"परभाकरभाऊ, घ्या. हा घ्या ना."

तिनं त्यांची बोटं आपल्या हातानं त्यावर मिटवली. ती उघडली. तिनं परत मिटवली, ती परत उघडली. रस्त्यापलीकडे पायरीवर शोभाबाई उभी होती, तिनं तोंडावर पदर दाबला होता.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत कमला जमिनीवर बसून रडत होती, आणि रडता रडता तिनं अंकिताला ते सांगितलं जे सगळ्या तळेगावाला ठाऊक होतं. प्रभाकररावांना एक मुलगा होता, चंदन. रुख्माबाईच्या हातचं खाऊन वाढलेला. एकदा जेवता जेवता दुकानातून बापाची हाक आली म्हणून तो ताटावरून उठला. रुख्माबाईनं नेहमीची शिवी दिली आणि गूळ घ्यायला डब्याकडे वळली. ती वळून परत पाहते तर चंदन रस्त्यावर होता, आणि ट्रक त्याच्यावरून गेला होता. गूळ तिच्या हातात तसाच. माझ्या तोंडानं गेला, असं म्हणत ती प्रभाकररावांच्या दारात डोकं आपटून घ्यायची. तेव्हा त्या माणसानंच तिला उठवलं. तो म्हणाला होता, की बाई, तू गूळ द्यायला वळली होतीस हे आम्हाला ठाऊक आहे, तो गूळ आम्हाला देत जा. तेव्हापासून रोज दुपारी गूळ रस्ता ओलांडत होता, आणि त्याच्यावर दोन घरं तगून होती.

प्रभाकरराव वर्ध्याच्या दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेले. आदेशला पोलिसांनी नेलं, पण जामीन झाला. पहिला घाव कुऱ्हाडीचा, हे साऱ्या जगानं पाहिलं होतं, आणि तिसरा-चौथा वार दाखवणारे व्हिडिओ फारसं कुणी पुढे पाठवत नव्हतं. लोक म्हणाले, म्हातारा पोराच्या दुःखानं सरकलाच होता. विषय संपला. रुख्माबाईनं पाठीला पट्टा बांधून पळसाच्या पानात गूळ घालून पाठवला. शोभाबाईनं दार उघडलं नाही. कमला गूळ परत घेऊन आली.

आणि हॉटेल धो धो चालू लागलं. अमरावतीहून, नागपूरहून, पार चंद्रपूरहून पोरं गाड्या भरून यायची, फुटक्या पाटीसमोर उभी राहून फोटो काढायची. आदेशचा अंकिताला फोन आला. पाटी बदलायची नाही, तो म्हणाला, तो घाव तसाच ठेवायचा, चिन्हातच घ्यायचा, सगळीकडे. "अशी पब्लिसिटी पैशानं नाई भेटत मॅडम. माही दोन बोटं गेली त्याच्यात."

अंकितानं फोन ठेवला. मग ती कॉम्प्युटरपुढे बसली, नुसतं पाहावं म्हणून. 'मु'मधून तिरपा गेलेला तो घाव तिनं अक्षरात उतरवला. तो असा बसला की जणू अक्षर त्याचीच वाट पाहत होतं. आतापर्यंत तिनं केलेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं होतं. त्यामुळे तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरी ते तिनं पुसलं नाही. ते मोबाईलमध्ये घेऊन ती एसटीनं तळेगावला आली.

दुपारची वेळ. टेबलं गच्च भरलेली. नागपूरची पोरं आत ओरडत होती, काकू, शिवी द्या ना, शिवी ऐकायला आलो. रुख्माबाई वाकलेल्या पाठीनं वाढत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, जेवा बापा, सावकाश जेवा. त्या दिवसापासून तिनं कुणालाच शिवी दिली नव्हती. आदेश त्यावरून तिच्यावर चिडायचा. गिऱ्हाईक कशासाठी येतं हे तिला कळत नाही, असं तो अंकितापाशीही म्हणाला. मग त्यानं नवं चिन्ह पाहिलं, तुटक्या हातानं मांडीवर थाप मारली आणि तो मोबाईल घेऊन आईकडे गेला. तिच्या डोळ्यांपुढे धरला. अंकिताला तिथं नाही म्हणायचं होतं. ती कोपऱ्यात रिकाम्या झालेल्या टेबलाशी जाऊन बसली.

रुख्माबाईनं चित्र पाहिलं, मोबाईल परत दिला. एक ताट वाढून ती स्वतः अंकिताच्या टेबलाशी आली. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. समोर उभी राहिली. अंकिता खाली मान घालून खाऊ लागली. अर्ध्यातच तिनं हात आखडला.

"मुडदा बशिवला तुहा," रुख्माबाई म्हणाली.

हळू म्हणाली. झारा उगारला नाही, डोळे वटारले नाहीत. पण शेजारच्या टेबलानं ऐकलं, आणि एकच जल्लोष झाला. शिवी दिली, काकूंनी शिवी दिली, असं म्हणत पोरं बाकावर उभी राहिली. अंकितानं ताटाच्या कडेकडे पाहिलं. कडेला काही नव्हतं. ती थांबली. रुख्माबाईचे हात पदराखाली होते आणि ते तिथंच राहिले.

"मावशी," अंकिता म्हणाली, "गूळ?"

"पाटीवर मावला नाई ना माय," रुख्माबाई म्हणाली. "मंग ताटात कसा मावन?"

ती वळली आणि पुढच्या टेबलाला वाढू लागली. जेवा बापा, सावकाश जेवा.

अंकिता बाहेर आली. वर्ध्याकडे जाणारी एसटी पलीकडच्या बाजूला थांबायची, प्रभाकररावांच्या बंद दुकानासमोर. ती रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. डावीकडून ट्रक गेला, उजवीकडून गेला. मग रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे लांबपर्यंत काही नव्हतं. तिनं एक पाऊल डांबरावर टाकलं आणि मागे घेतलं. आपण शिकलेलो आहोत, असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं स्वतःला बजावून तिनं पाऊल पुन्हा पुढे टाकलं आणि पुन्हा मागे घेतलं. पलीकडे बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दारातून हात करून तिला बोलावलं, रस्ता रिकामा आहे, या, असं खुणावलं. ती जागची हलली नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस तिला न घेताच वर्ध्याकडे, आर्वीच्या रस्त्याला लागली.